महिला फुटबॉल विश्वचषक : ब्राझील, २०२७



दिनांक २४ जून ते २५ जुलै २०२७ या काळात ब्राझील देशात महिलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने भरावयाचे आहेत. दक्षिण अमेरिकेच्या भूमीवर ही स्पर्धा प्रथमच होत आहे. आपल्या नवागाम-डिंडोलीच्या गल्ल्यांतून क्रिकेटचे राज्य आहे, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या खेळाने साऱ्या जगाला वेड लावले, त्याची ओळख आपणांस असू नये, हे बरे नव्हे. नियम ठाऊक नसले म्हणजे उत्तम सामनाही निव्वळ धावपळ भासतो. म्हणून ही थोडी पूर्वतयारी.

स्पर्धेची रचना

स्पर्धेत ३२ राष्ट्रांचे संघ उतरतील. त्यांचे प्रत्येकी ४ संघांचे ८ गट पाडले जातील. गटातील प्रत्येक संघ इतर तिघांशी एकेकदा खेळतो. म्हणजे एका गटात ६ सामने आणि आठ गटांत मिळून ४८ होतात. विजयास ३ गुण, बरोबरीस १ आणि पराभवास शून्य. प्रत्येक गटातील पहिले दोन संघ पुढे जातात व येथून बाद फेरी सुरू होते. १६ संघांचे ८ सामने, मग ४, मग २, तिसऱ्या क्रमांकासाठी १ आणि अंतिम १, असे आणखी १६. एकूण ६४ सामने. आपल्या वहीच्या मागील पानावर हा तक्ता आखून ठेवावा आणि निकाल लागेल तसा भरत जावे.

गटात बरोबरी चालते. बाद फेरीत चालत नाही. ९० मिनिटांत निर्णय न लागल्यास ३० मिनिटे अधिक खेळतात आणि तरीही तिढा न सुटल्यास दोन्ही संघ प्रत्येकी पाच पेनल्टी मारतात.

सामने रिओ द जानेरो, साव पावलो, ब्राझीलिया, बेलो होरिझोंते, पोर्तो आलेग्रे, रेसिफे, साल्वादोर व फोर्तालेझा या आठ नगरांत होतील. नकाशाच्या पुस्तकात ती अवश्य शोधावीत. आम्हां कोंकणी भाषिकांस या नावांचा ध्वनी परका वाटत नाही; कारण ज्या पोर्तुगीजांनी गोव्यावर राज्य केले, त्यांचीच भाषा ब्राझीलमध्ये आजही बोलली जाते.

पाहताना काय पाहावे?

प्रत्येक बाजूस ११ खेळाडू असतात. गोलाची चौकट ७.३२ मीटर रुंद व २.४४ मीटर उंच असते. चेंडूचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम. ही मापे पुरुषांच्या सामन्यांत व महिलांच्या सामन्यांत एकच आहेत, वेळही तीच. हा मुद्दा पालकांनी विशेष ध्यानात घ्यावा.

नवख्यास सर्वांत अवघड जातो तो ऑफसाइडचा नियम. तो असा समजून घ्यावा. सहकारी चेंडू पुढे मारतो त्या क्षणी आपण प्रतिपक्षाच्या अर्ध्या भागात असून, चेंडूच्याही पुढे आणि प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असलो, तर ती जागा ऑफसाइडची होय. नुसते तेथे उभे राहणे हा दोष नव्हे. तेथून खेळात भाग घेणे हा दोष. थोडक्यात, गोलाजवळ आयते ठाण मांडून चेंडूची वाट पाहता येऊ नये, यासाठी हा नियम आहे.

दुसरे असे की, दृष्टी केवळ चेंडूवर खिळवू नये. चेंडू एकीच्या पायाशी असतो, तेव्हा उरलेल्या दहाजणी काय करतात, कोण मोकळी जागा शोधते, कोण मागे परतून बचाव सांभाळते, हे पाहणाऱ्यास खेळ खरा कळतो.

बंदीतून विश्वचषकाकडे

पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील प्रेस्टन गावच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या मुलींनी ‘डिक, कर लेडीज’ नावाचा संघ उभारला. १९२० साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूल येथे त्यांचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० लोक लोटले. त्यानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, १९२१ च्या डिसेंबरात, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सभासद संघांची मैदाने स्त्रियांना बंद केली. ही बंदी सुमारे ५० वर्षे टिकली.

ज्या ब्राझीलमध्ये आता विश्वचषक भरत आहे, तेथे तर १९४१ साली सरकारी हुकूमच निघाला. स्त्रीच्या प्रकृतीस न मानवणारे खेळ तिने खेळू नयेत, असे त्याचे तात्पर्य होते, आणि फुटबॉल त्यांतच धरला गेला. १९७९ पर्यंत ही मनाई राहिली. पुढे त्याच देशात मार्ता नावाची खेळाडू निपजली. लहानपणी ती गावच्या मुलांबरोबर खेळे. २००३ ते २०२३ या काळात ती सहा विश्वचषक खेळली आणि त्यांत तिने १७ गोल केले. तोपर्यंत पुरुषांच्या विश्वचषकातही इतके गोल कोणी केले नव्हते. प्रकृतीचा दाखला देणाऱ्यांना याहून निराळे उत्तर ते कोणते द्यावे?

महिलांचा पहिला विश्वचषक १९९१ साली चीनमध्ये १२ संघांनिशी झाला. तेव्हा सामना ८० मिनिटांचाच होता. २०२३ पर्यंतच्या नऊ स्पर्धांपैकी अमेरिकेने चार, जर्मनीने दोन, तर नॉर्वे, जपान व स्पेन यांनी प्रत्येकी एक जिंकली. २०२३ साली सिडनी येथे स्पेनने इंग्लंडला १–० असे हरविले.

आपल्या देशात

आशियाई महिला स्पर्धेत भारताने १९८० व १९८३ साली उपविजेतेपद मिळविले होते. मणिपूरच्या बेमबेम देवी यांना २०२० साली पद्मश्री देण्यात आली. अलीकडे, जुलै २०२५ मध्ये, थायलंडला त्याच्याच भूमीवर २–१ असे नमवून भारतीय महिलांनी २०२६ च्या आशिया चषकात प्रवेश मिळविला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतातच भरला. भुवनेश्वर, गोव्यातील फातोर्डा आणि नवी मुंबई ही त्याची स्थळे होती. आपल्या मुली अमेरिकेकडून ०–८, मोरोक्कोकडून ०–३ व ब्राझीलकडून ०–५ अशा हरल्या. अंतिम सामना नवी मुंबईत झाला आणि स्पेनने कोलंबियास १–० असे हरविले. त्या पराभूत संघातील लिंडा काइसेडो हिने पुढच्याच वर्षी ज्येष्ठांच्या विश्वचषकात बलाढ्य जर्मनीविरुद्ध गोल केला. तो अंतिम सामना आमच्या शाळेच्या रेल्वेमार्गाने एका रात्रीत गाठता येईल अशा ठिकाणी झाला.

०–८ हा आकडा लाजेचा नव्हे, विचाराचा आहे. त्या अकराजणींत काही न्यून होते म्हणून तो आला नाही. समोरच्या मुलींच्या देशांत हजारो मुली बालपणापासून खेळतात. आपल्याकडे थोड्या खेळतात, आणि त्यांतल्याही बहुतेकींचा खेळ लवकरच थांबतो.

केव्हा पाहावे?

ब्राझीलमधील या आठही नगरांचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. तेथे दुपारी ४ वाजता सुरू झालेला सामना येथे मध्यरात्रीनंतर १२॥ वाजता दिसेल. तोवर शाळा सुरू झालेल्या असतील. तेव्हा रोज जागरण करू नये. आठवड्यातून एखादा सामना निवडावा व उरलेल्यांचे निकाल सकाळी वर्तमानपत्रातून तक्त्यात भरावेत.

आता पालकांस एक विनंती. खानदेशातून येथे येऊन लूमवर, गिरणीत राबणाऱ्या आपल्या घरांत मुलीला शिकविण्याची जिद्द आहे, ती आम्ही दररोज पाहतो. परंतु पाचवी-सहावीत मैदानावर धावणारी हीच मुलगी आठवीत पोहोचली की तिचे धावणे बंद होते. घरकाम, लोक काय म्हणतील ही धास्ती, आणि ‘आता मोठी झालीस’ हे एक वाक्य त्यास पुरेसे होते. ब्राझीलमध्ये हुकूम काढावा लागला. आपल्याकडे हुकूमावाचूनच ते घडते, आणि म्हणून ते रद्द करणारे सरकार कोठून आणावे? ते रद्द करणे घरातल्या वडीलधाऱ्यांच्याच हाती आहे.

म्हणून २०२७ च्या त्या रात्रींपैकी निदान एका रात्री आईवडिलांनी मुलीच्या शेजारी बसून सामना पाहावा. दुसऱ्या दिवशी तिने अर्धा तास मैदान मागितले, तर ते तिला द्यावे. चेंडू आम्ही देऊ.