नोंदवहीतली एक ओळ



धुळ्याच्या किंवा जळगावच्या एखाद्या गल्लीतून हातगाडीवर भंगार गोळा करीत जाणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. फुटकी बादली, मोडकी सायकल, गंजलेले पत्रे, जे मिळेल ते तो घेतो. पुढे दुकानात त्याची मोडतोड होते. लोखंड वेगळे, पितळ वेगळे, शिसे वेगळे. ती वस्तू पूर्वी कोणत्या कामाची होती, याच्याशी भंगारवाल्याला कर्तव्य नसते. तिचे वजन किती भरते, एवढेच तो पाहतो.

दिल्लीत मायापुरी नावाचा असाच एक मोठा भंगारबाजार आहे. २०१० च्या फेब्रुवारीत दिल्ली विद्यापीठाने जुन्या सामानाचा लिलाव केला. त्यात ‘गॅमासेल’ नावाचे एक अवजड यंत्र होते. १९६८ सालापासून ते विद्यापीठाकडे होते आणि १९८५ नंतर वापरात नव्हते. त्याच्या जाड कवचाच्या आत कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ होता. मायापुरीतल्या कामगारांना याची काहीच कल्पना नव्हती. त्यांनी यंत्र फोडले, आतल्या धातूचे तुकडे झाले. एकाने तर एक लहानसा तुकडा आपल्या पाकिटात ठेवला! थोड्याच दिवसांत माणसे आजारी पडू लागली. अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले आणि त्यांतला एक जण एप्रिलच्या अखेरीस मरण पावला.

आता थोडे गणित करू. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षे आहे. म्हणजे दर ५.२७ वर्षांनी त्याची किरणोत्सर्गाची शक्ती निम्मी होते. १९६८ ते २०१० ही ४२ वर्षे झाली. ४२ ला ५.२७ ने भागले, तर उत्तर जवळजवळ ८ येते. मूळ शक्ती आठ वेळा निम्मी करा : १/२, १/४, १/८… असे करीत आपण १/२५६ वर येतो. म्हणजे त्या यंत्रात मूळ शक्तीचा सुमारे दोनशे छप्पन्नावा हिस्साच उरला होता. संशोधनाच्या दृष्टीने यंत्र ‘निकामी’ झाले होते. पण उरलेला एवढासा हिस्सा एका माणसाचा जीव घ्यायला पुरला.

चूक कोठे झाली?

किरणोत्सर्गाला रंग नाही, वास नाही, चव नाही, आवाज नाही. विस्तवाला हात लावला तर चटका बसतो आणि आपण हात मागे घेतो. किरणोत्सर्गाच्या बाबतीत तशी सूचना शरीर वेळेवर देत नाही. म्हणून येथे आपल्याला दोन कृत्रिम ज्ञानेंद्रिये लागतात. एक म्हणजे मोजण्याचे उपकरण आणि दुसरे म्हणजे नोंदवही.

नोंदवही हे ज्ञानेंद्रिय कसे, असे तुम्ही विचाराल. यंत्र घेणारे प्राध्यापक निवृत्त होतात, विद्यार्थी शिकून निघून जातात, खोलीची किल्ली दुसऱ्याच्या हाती येते. कोबाल्ट मात्र जागच्या जागी असतो. माणसांची आठवण स्रोताच्या आयुष्याइतकी पुरत नाही, म्हणून ती कागदावर उतरवावी लागते. तुमच्या घरी शेती असेल, तर सातबारा तुमच्या माहितीचा असेल. जमीन कोणाची, पीक कोणते, हे त्यावरून कळते आणि मालक बदलला की फेरफार नोंदवावा लागतो. किरणोत्सर्गी स्रोताचाही असाच एक सातबारा असावा लागतो. मायापुरीला गेलेल्या यंत्राचा फेरफार झालाच नाही.

तीन नोंदी

आता आपल्या खानदेशाकडे वळू. गिरणेकाठी, जळगावजवळ आपले विद्यापीठ आहे. १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून ते स्थापन झाले. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. समजा, काही वर्षांनी तुम्ही तेथे संशोधनासाठी गेलात आणि तुमच्या कामात किरणोत्सर्गाचा उपयोग करायचा आहे. तर काय काय करावे लागेल?

पहिली नोंद *कामाची*. कोणता स्रोत, किती शक्तीचा, कोणत्या खोलीत, किती दिवस, कोणाच्या देखरेखीखाली, काम संपल्यावर उरलेल्याचे काय करणार, हे सर्व आधी लिहून द्यावे लागते. त्यात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा : किरणोत्सर्गाशिवाय हे काम होणारच नाही का?

एक उदाहरण घेऊ. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राची ‘जेएल-२४’ ही भुईमुगाची जात प्रसिद्ध आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्सर्गाच्या साहाय्याने पिकांमध्ये बदल घडवून नव्या जाती तयार केल्या. त्यांत भुईमुगाची ‘टीएजी-२४’ आहे. तुम्हालाही असाच प्रयोग करायचा असेल, तर त्यासाठी कोबाल्टचा स्रोत जळगावला आणण्याची गरज नाही. बियाणे मुंबईला पाठवून त्यावर गॅमा किरण सोडून घेता येतात. परत आलेले बियाणे किरणोत्सर्गी होत नाही. कंदील विझवला की त्याच्या उजेडात ठेवलेली वस्तू स्वतः प्रकाशत राहत नाही, तसेच हे आहे. अर्ज नीट भरताना विचार केला, की कित्येकदा धोकाच टळतो.

दुसरी नोंद *माणसाची*. आपल्या देशात १८ वर्षांखालील कोणालाही किरणोत्सर्गाच्या कामावर नेमता येत नाही. शिकाऊ उमेदवारालाही १६ वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी झाल्यावर तुम्हाला छातीवर लावायचा एक बिल्ला मिळतो. त्याला टीएलडी बिल्ला म्हणतात. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन लहान चकत्या असतात. या कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोशियम हे मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळलेले असते. किरणोत्सर्ग पडला की स्फटिकातले काही इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून जणू सापळ्यात अडकतात आणि तेथेच राहतात. ठरावीक काळाने, साधारणतः तीन महिन्यांनी, बिल्ला प्रयोगशाळेत जातो. तेथे चकत्या तापवल्या की इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्रकाश बाहेर पडतो. जितका प्रकाश जास्त, तितकी मिळालेली मात्रा जास्त. तीन चकत्यांपैकी एक उघडी, एक प्लास्टिकखाली आणि एक धातूखाली असते. त्यामुळे किरण कोणत्या प्रकारचे होते, याचाही अंदाज येतो.

मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. किरणोत्सर्गाचे काम करणाऱ्यासाठी भारतातली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० मिलिसिव्हर्ट आहे. सरासरी काढायची, तर मागची वर्षे माहीत हवीत. म्हणून तुम्ही जळगाव सोडून पुण्याला नोकरीला गेलात, तरी तुमचा हिशेब तुमच्या मागे यायला हवा. बिल्ला टेबलाच्या खणात विसरला, तर त्या दिवसांची मात्रा कोठेच नोंदली जाणार नाही. किरणांच्या खोलीत टांगून ठेवला, तर तुम्हाला न मिळालेली मात्रा तुमच्या नावावर पडेल. दोन्ही प्रकारे तुम्ही स्वतःलाच फसवाल.

तिसरी नोंद *वस्तूची*. स्रोताचा क्रमांक, आल्याची तारीख, त्या दिवशीची शक्ती, ठेवण्याची जागा, दर तपासणीची तारीख आणि शेवटी तो कोठे गेला, हे सर्व लिहायचे. स्रोत विकता किंवा टाकता येत नाही. परवानगी घेऊन तो पुरवठादाराकडे किंवा नेमून दिलेल्या सुरक्षित जागी पाठवावा लागतो. ही शेवटची ओळ लिहिली जाईपर्यंत त्या स्रोताचे पान बंद होत नाही.

यावर लक्ष कोणाचे?

संस्थेत हे काम किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी पाहतो. देशपातळीवर १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ परवाने देते आणि तपासणी करते. २००४ सालच्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनी संस्थांच्या जबाबदाऱ्या ठरवून दिल्या आहेत. आता अर्ज आणि नोंदणी ‘ई-लोरा’ या संगणक प्रणालीतून होते. अगदी क्षीण स्रोतांना परवान्यातून सूट असते. पण कोणत्या स्रोताला सूट आहे, हे आपण मनाने ठरवायचे नसते.

यावरून किरणोत्सर्गाची कामे करूच नयेत, असे मात्र समजू नका. कर्करोगावरचे उपचार, नवी बियाणी, वैद्यकीय साहित्याचे निर्जंतुकीकरण ही सर्व त्याचीच देणगी आहे. फक्त वापरणाऱ्याने हिशेब चोख ठेवला पाहिजे. दिल्लीत जे झाले, ते कोबाल्टच्या दुष्टपणामुळे झाले नाही. एक ओळ लिहायची राहिली म्हणून झाले.

करून पाहा

१. धुळ्याच्या किंवा जळगावच्या रुग्णालयात क्ष-किरण विभागाच्या दारावरचे तीन पाकळ्यांचे चिन्ह आणि दिवा बाहेरूनच पाहा. तेथील तंत्रज्ञाच्या छातीवर बिल्ला दिसतो का, तेही पाहा. क्ष-किरण यंत्राची वीज बंद केली की किरण थांबतात. कोबाल्टचे तसे करता येईल का? का नाही?

२. एका स्रोताची शक्ती आज १,०२४ एकक आहे आणि अर्धायुष्य ५ वर्षे आहे. दर ५ वर्षांनी किती उरेल, याचा आलेख काढा. ४० वर्षांनी किती एकक उरतील? तो शून्यावर कधी येईल?

३. शाळेच्या प्रयोगशाळेतील रसायनांची यादी शिक्षकांच्या मदतीने करा. ज्या बाटल्यांवर नाव नाही, त्या किती निघाल्या? त्या उघडू नका, हुंगू नका. त्यांच्यात काय आहे, हे आज कोण सांगू शकेल?

आणि एक लक्षात ठेवा. तीन पाकळ्यांचे ते चिन्ह कधी भंगारात किंवा उकिरड्यावर दिसले, तर हात न लावता लांब व्हा, इतरांनाही लांब करा आणि ताबडतोब मोठ्यांना व पोलिसांना कळवा.