कुलपाचे अंतरंग
(इयत्ता सहावी व सातवीसाठी विज्ञान व गणित यांचा जोडपाठ)

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील नकाशांच्या कपाटाची किल्ली हरवली. बाजारच्या दिवशी किल्ल्या करून देणाऱ्या एका कारागिरास बोलावून आणले. एक वाकडी तार व एक चपटी पट्टी एवढ्याच साहित्यावर त्याने पाच मिनिटांत कुलूप उघडले. मुले भोवती जमली होतीच. एकाने विचारले, "गुरुजी, किल्लीवाचून उघडते, तर मग कुलूप लावायचे कशाला?" प्रश्न रास्त होता आणि त्या वेळी मला त्याचे उत्तर देता आले नाही. प्रस्तुत पाठ त्या प्रश्नातून तयार झाला आहे.

जुन्या मोठ्या कुलपांत सरकणारी पाती, म्हणजे लिव्हर, असतात. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 साली मुंबईस लालबागेत कुलपांचा कारखाना काढला. आपल्याकडील घरोघरच्या कुलपांचा इतिहास तेथून बराचसा सांगता येतो. परंतु येथे विचार करावयाचा तो दुसऱ्या जातीचा. ज्याची किल्ली चपटी असून एका कडेला करवतीसारखे उंचसखल दाते असतात, ते सामान्यतः खिळ्यांचे कुलूप होय.

वाड्याच्या दारामागील अडसर मुलांस माहीत असतो. भिंतीच्या खोबणीतून दारापाठीमागे आडवा आलेला वासा मागे सारल्यावाचून दार हलत नाही. खिळ्यांच्या कुलपात असेच पाच-सहा चिमुकले अडसर उभे असतात. किल्ली ज्यात शिरते तो फिरता गाभा, व त्याभोवतीचे न फिरणारे घर, या दोहोंतून आरपार भोके असतात. प्रत्येक भोकात दोन खिळ्या एकीवर एक बसविलेल्या असून वरून स्प्रिंग त्यांस खाली दाबते. वरची खिळी अर्धी घरात व अर्धी गाभ्यात अडकलेली असते, म्हणून गाभा फिरत नाही. योग्य किल्ली आत जाताच तिचा प्रत्येक दाता आपापल्या जोडीस नेमका इतका उचलतो की दोन खिळ्यांमधील सांधा गाभा व घर यांच्या सीमेवर येतो. सर्व सांधे एका रेषेत आले की गाभा फिरतो. दाता किंचित उंच असला तर खालची खिळी घरात शिरते, किंचित ठेंगणा असला तर वरची खिळी गाभ्यातच राहते. अडसर दोन्ही परींनी कायम. याच तत्त्वाची लाकडी कुलुपे प्राचीन मिसर देशात होती. अमेरिकेतील लायनस येल (धाकटे) यांनी 1861 च्या सुमारास त्यांस आजचे सुटसुटीत धातूचे रूप दिले.

आता गणित. पाच खिळ्या आहेत व प्रत्येकीच्या सहा उंची संभवतात असे धरा. किल्ल्यांचे प्रकार किती? सहास सहाने पाचदा मांडून गुणावे : 7,776. इतक्या किल्ल्या घेऊन कोणता चोर हिंडेल? मग आमच्या कारागिराने पाच मिनिटांत काय केले?

त्याने गुणाकाराची बेरीज केली. पाचही भोके तंतोतंत एका ओळीत पाडणे कोणत्याही यंत्रास साधत नाही. केसाएवढा फरक राहतोच. पट्टीने गाभ्यास हलका पीळ दिला की सर्व खिळ्या एकदम अडत नाहीत, प्रथम एकच अडते. तारेने तिला सीमेपर्यंत उचलताच गाभा किंचित फिरतो, वरची खिळी त्या कडेवर टेकून राहते, आणि पुढची अडते. एकेक खिळी निराळी सोडविता आल्यामुळे 7,776 ऐवजी फार तर सहा गुणिले पाच, म्हणजे 30 प्रयत्न पुरतात. माझ्या मते हा भाग मुलांस घाई न करता शिकवावा. गुणाकार व बेरीज यांतील अंतर त्यांस इतक्या ठसठशीतपणे अन्यत्र क्वचितच दिसेल.

चोरकिल्लीस दाद न देणारी कुलुपे हा गुणाकार टिकवू पाहतात. त्यांतील वरच्या खिळ्या सरळ नसून दोऱ्याच्या रिळासारख्या मध्ये बारीक, किंवा अळंबीसारख्या एका टोकास रुंद असतात. गाभ्यास पीळ असताना अशी खिळी उचलली की तिची बारीक कंबर सीमेवर अडकते. गाभा थोडा फिरतो, उघडणारास वाटते की साधले. पण वस्तुतः तो फसलेला असतो. तिला सोडवावयास पीळ सैल करावा लागतो आणि तसे करताच आधी बसविलेल्या खिळ्या खाली पडण्याचा संभव असतो. खऱ्या किल्लीस मात्र ही अडचण नाही, कारण ती आधी सर्व खिळ्या उचलते व मग पीळ देते. मेडेको नावाच्या, 1968 साली अमेरिकेत निघालेल्या कंपनीच्या कुलपांत खिळी उचलण्याबरोबर तिला ठराविक कोनात वळवावेही लागते. एकाच दात्याची ही दोन कामे.

अशी कुलुपे उघडतच नाहीत काय? उघडतात. लंडनमध्ये ब्रामाह यांचे निराळ्या रचनेचे कुलूप उघडून दाखविणारास 200 गिनींचे बक्षीस अनेक वर्षे लावलेले होते. 1851 च्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज या अमेरिकन कारागिराने ते उघडले, परंतु त्यास 16 दिवसांत मिळून 51 तास लागले. रात्री आलेल्या चोरास 51 तास कोण देणार? त्या मुलास मी हेच उत्तर दिले.

एक पालक म्हणाले, "शाळेत चोरी शिकविता काय?" हॉब्ज यांनाही हाच आक्षेप ऐकावा लागला होता. चोरांस या युक्त्या आधीच ठाऊक असतात. अजाण राहतो तो कुलूप विकत घेणारा. मात्र पाठ रचना समजण्यापुरता ठेवावा, तारा मुलांच्या हाती देऊ नयेत.

नमुना सोपा आहे. एकावर एक ठेवलेल्या दोन सारख्या फळ्यांतून पाच भोके पाडावीत. खालच्या भोकांत पुठ्ठ्याच्या कमीजास्त चकत्या, त्यांवर कमीजास्त लांबीचे पेन्सिलीचे तुकडे, व वर दुसरे तुकडे घालावेत. चकत्या म्हणजे किल्लीचे दाते. पाचही सांधे फळ्यांच्या सांध्याशी जुळले तरच वरची फळी सरकते. एक चकती काढून पाहावी. भोके सैल पडली तर नमुना नीट चालत नाही, आणि ते बरेच होय, कारण अचूकपणाची चर्चा तेथूनच निघते. किर्लोस्करवाडीस किंवा सातारारोडकडे सहल निघाल्यास लेथवर काम करणारास मुलांनी हाच प्रश्न विचारावा, की दोन भाग किती सैल चालतात आणि ते मोजतात कसे.

जाता जाता, शाळेच्या अशा कुलपांत खोबरेल तेल सोडू नये. त्यावर धूळ बसून खिळ्या चिकटतात. पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड किल्लीस लावून ती दोन-चार वेळा आतबाहेर करावी.