अंगठा टेकण्यापूर्वीं

इ. स. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा झाला व तो लवकरच आपल्या नगर जिल्ह्यांतहि पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. आंत काय लिहिलें आहे हें न समजतां अनेक शेतकऱ्यांनीं त्या रोख्यांवर निशाणी केलेली असे. पुढें १८७९ च्या कायद्यानें असे दस्तऐवज गांवच्या निबंधकासमोर करून देण्याची व्यवस्था झाली.

आज कागदाच्या जागीं मोबाइलची कांच आली आहे. परंतु न वाचतां अंगठा टेकण्याची संवय गेलेली नाहीं. ह्या संवयीवर पोसणारी एक फसवणूक विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावी.

ज्याच्या द्वारें आपण संकेतस्थळें पाहतों त्यास ब्राउझर म्हणतात. २०१५ सालीं क्रोम ब्राउझरमध्यें अशी सोय झाली कीं, वाचकानें अनुमति दिल्यास संकेतस्थळानें त्यास सूचना, म्हणजे नोटिफिकेशन, पाठवावी. अनुमति मिळतांच त्या स्थळास निरोप धाडण्यासाठीं एक प्रकारचा पत्ता मिळतो. त्या पत्त्यावर धाडलेला निरोप ब्राउझर बनविणाऱ्या कंपनीच्या सेवेमार्फत फोनवर पोहोंचतो; म्हणून तें पान बंद केल्यावरहि निरोप येतच राहतात. ताजी बातमी कळण्यास ही सोय चांगली आहे. दोष सोयींत नसून ती मिळविण्याच्या कपटांत आहे.

तें कपट असें. ब्राउझर सरळ विचारतो, "ह्या स्थळास सूचना पाठवूं द्याव्या काय?" परंतु त्या प्रश्नाभोंवतीं पानावर भलताच मजकूर असतो : 'आपण यंत्रमानव नाहीं हें सिद्ध करण्यासाठीं अलाउ दाबा', 'चित्रपट पाहण्यासाठीं अलाउ दाबा'. प्रश्न एक, आणि सांगितलेला अर्थ दुसरा! दहावीचा निकाल पाहणारा विद्यार्थी, फुकट सामना शोधणारा तरुण किंवा कांद्याचा भाव पाहणारा शेतकरी घाईंत असतो. आणि घाई हेंच ठकाचें भांडवल होय.

मग निरोपांचा भडिमार सुरू होतो : 'फोनमध्यें विषाणु शिरला आहे', 'आपणांस बक्षीस लागलें आहे'. कांहीं निरोप फोननेंच इशारा दिल्याचा आव आणितात. येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. केवळ अनुमति दिल्यानें परवलीचा शब्द अथवा पैसा कोणाच्या हातीं जात नाहीं. निरोपावर बोट ठेवून पुढील पानावर कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी दिला, अथवा तेथील ॲप उतरवून घेतलें, म्हणजे खरा घात होतो.

ब्राउझर बनविणारेहि स्वस्थ बसलेले नाहींत. जानेवारी २०२० पासून फायरफॉक्समध्यें वाचकानें पानावर स्वतः कांहीं दाबल्याखेरीज हा प्रश्न पुढें येत नाहीं. त्याच वर्षाच्या जुलैपासून क्रोम फसवीं ठरलेल्या स्थळांचे प्रश्न दडपूं लागला. तथापि ठक नवनवे पत्ते घेऊन येतात. म्हणून वाचकाची सावधगिरी सुटत नाहीं.

उपाय सोपे आहेत. पहिला : यंत्रमानव नसल्याची खरी परीक्षा पानावरच होते, तिच्यासाठीं सूचनांची अनुमति कधींच लागत नाहीं. अशी मागणी दिसतांच 'ब्लॉक' दाबून पान बंद करावें. दुसरा : अनुमति दिली गेलीच असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्यें 'साइट सेटिंग्ज' व त्यांत 'नोटिफिकेशन्स' उघडून, अनुमति दिलेल्या स्थळांच्या यादींतून अनोळखी नांव काढून टाकावें. ह्यासाठीं फोन पुसून कोरा करण्याचें कारण नाहीं. तिसरा : विषाणूची भीति घालणाऱ्या निरोपास स्पर्श न करितां तो बाजूस सारावा. चौथा : पैसे गेलेच असतील तर लाज न धरितां तत्काळ १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावें, विलंबानें रक्कम परत मिळण्याची आशा कमी होते.

शेवटीं एक कर्तव्य. घरांतील आजी किंवा वडील अशा इशाऱ्यांनीं घाबरले तर त्यांस हंसूं नये. शेजारीं बसून ती यादी त्यांस दाखवावी, प्रत्येक नांव वाचावें व नको तें त्यांच्याच हातून काढवावें. १८७९ च्या कायद्यानें रोखा व रयत ह्यांच्यामध्यें एक जाणता मनुष्य उभा केला होता. आपल्या घरांत तें काम शिकलेल्या मुलामुलींनीं करावयाचें आहे.