कोरडवाहू भागातील बागेसाठी कण्हेर

अवर्षणप्रवण भागात सार्वजनिक बागांतील फुलझाडे उन्हाळ्यात पाण्याअभावी वाळून जातात. अशा ठिकाणी कण्हेर हे सदाहरित झुडूप उपयुक्त ठरते. तिची पाने जाड व चिवट असतात. पानांच्या खालील बाजूची रंध्रे केसाळ खळग्यांत दडलेली असल्याने बाष्पीभवन कमी होते.

पावसाळ्याच्या आरंभी निचऱ्याच्या जमिनीत पेन्सिलीएवढ्या जाडीचे, सुमारे २० सेंटिमीटर लांबीचे छाटकलम लावावे. दोन झुडपांत २ मीटर अंतर असावे. पहिला उन्हाळा नियमित पाणी द्यावे. मुळे खोल गेल्यावर क्वचित दिले तरी भागते. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरल्यावर छाटणी करावी.

तथापि, कण्हेरीचे सर्व भाग विषारी असून त्या विषाचा परिणाम हृदयावर होतो. वाळलेली पानेही जनावरांना घातक असतात. छाटलेल्या फांद्या जाळू नयेत, कारण धूरही अपायकारक असतो. त्या खोल पुराव्यात. मुले जिच्या बियांनी खेळतात, ती पिवळी बिट्टी वेगळी. परंतु तीही विषारीच. म्हणून कण्हेर रस्त्यांच्या दुभाजकांवर अवश्य लावावी. अंगणवाडी, शाळा, गोठा व पाणवठा यांच्याजवळ मात्र लावू नये. लागवडीचा ठराव करतानाच पंचायतीने जागेचा हा विचार करणे हिताचे होय.