मनावरचा जुना घाव आणि कानातले आवाज : दोन्हींवर उपचार आहेत

आपल्या पाटोदा तालुक्यात दिवाळीच्या आसपास वस्त्या रिकाम्या होतात. उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्याला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशाच एका हंगामानंतर परतलेल्या बाईची ही गोष्ट. तिचं नाव-गाव सांगत नाही.

ती रात्र रात्र जागी असायची. "ते बोलत्यात, मला न्यायला आलेत," असं म्हणायची. शेजारणी आपल्याविरुद्ध कट करतात, असं तिला वाटायचं. घरच्यांनी आधी देवऋषी गाठला. त्यात दोन महिने आणि उचलीतले उरलेले पैसे गेले. मग दवाखाना झाला. गोळ्या सुरू झाल्या, झोप लागू लागली, आवाज कमी झाले. घरचे म्हणाले, बरी झाली. पण दारावरून ट्रॅक्टर गेला की ती कोपऱ्यात जाऊन बसायची. जळक्या पाचटाचा वास आला की तिला घाम फुटायचा. प्रत्येक भेटीत तिला विचारलं जायचं, "आवाज येतात का? झोप लागते का? गोळ्या घेतेस का?" तिच्यावर काय गुदरलं, हे कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. विचारलं तेव्हा फडातल्या एका रात्रीची हकिकत बाहेर आली.

तिला दोन दुखणी होती आणि उपचार एकाच दुखण्यावर चालला होता.

दोन दुखणी कोणती?

पहिलं दुखणं म्हणजे सायकोसिस. यात माणसाचा वास्तवाशी असलेला धागा सुटतो. कोणी नसताना आवाज ऐकू येतात. कोणी मारणार आहे, विष घालणार आहे, असा पक्का संशय बसतो. बोलण्याचा मेळ लागत नाही. अंघोळ-जेवणाचं भान राहत नाही. स्किझोफ्रेनिया हा यातला नेहमी आढळणारा आजार. कधी बाळंतपणानंतर, कधी नशेमुळे, कधी मेंदूच्या तापामुळेही अशी लक्षणं दिसतात. म्हणून तपासणी आधी डॉक्टरांकडेच व्हायला हवी.

दुसरं दुखणं म्हणजे आघातानंतरचा ताण. डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात. जीव जाईल किंवा अब्रू जाईल असा प्रसंग गुदरला आणि महिना उलटून गेला, तरी मन त्या प्रसंगातून बाहेर येत नाही. त्याच्या खुणा चार प्रकारच्या. एक, तो प्रसंग आत्ता घडतोय असा पुन्हा अनुभव येतो, वाईट स्वप्नं पडतात. दोन, त्याची आठवण देणारी जागा, माणूस, वास, बोलणं टाळलं जातं. तीन, "माझीच चूक होती", "कोणावरच भरवसा ठेवता येत नाही" असे विचार घर करतात. चार, अंग सतत सावध राहतं, जरा आवाज झाला की दचकायला होतं, चिडचिड होते, झोप उडते.

असा आघात आपल्या भागात अनेकांच्या वाट्याला आला आहे. 1978 साली नामांतराच्या वेळी मराठवाड्यात जाळलेली घरं ज्यांनी लहानपणी पाहिली, ती माणसं आजही वस्त्यांत आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात ढिगाऱ्याखालून निघालेली माणसं आहेत. नवऱ्याचा रोजचा मार, लहानपणी झालेला अत्याचार, जातीवरून झालेला हल्ला, घरातली आत्महत्या, हे सगळे आघातच.

दोन्ही दुखणी एकमेकांत गुंतलेली असतात. ज्याने हल्ला केला त्याचेच शब्द कानात ऐकू येतात. ज्याला माणसांनी खरोखर घेरून मारलं, त्याला पुढे सगळीच माणसं घेरायला आल्यासारखी वाटतात. म्हणून "वेड्यासारखं बोलते" म्हणून सोडून देऊ नका. त्या बोलण्यात कधी कधी खऱ्या प्रसंगाचे तुकडे असतात.

विचारलंच जात नाही

नेदरलँड्स या देशात सायकोसिसवर उपचार घेणाऱ्या 2600 हून जास्त रुग्णांना आघाताबद्दल मुद्दाम प्रश्न विचारले गेले. तपासाअंती अंदाज निघाला की दर 100 जणांमागे सुमारे 16 जणांना पीटीएसडीही आहे. पण त्याआधी त्यांच्या केसपेपरवर हे निदान 100 मध्ये एकाच्याही नावापुढे नव्हतं. तिथल्या सुसज्ज दवाखान्यांत ही गत, तर आपल्याकडच्या गर्दीच्या ओपीडीत काय होत असेल, याची कल्पना करा. ब्रिटनमधल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी तर 2014 सालीच सांगितलं आहे की सायकोसिसच्या प्रत्येक रुग्णाची पीटीएसडीसाठी तपासणी करावी.

"जखम उकरू नका" ही भीती

बरीच वर्षं डॉक्टर आणि समुपदेशक म्हणत आले की ज्याला भास होतात त्याच्याशी आघाताबद्दल बोलू नये, आजार उसळेल. त्यामुळे पीटीएसडीच्या उपचारांचे प्रयोग झाले तेव्हा सायकोसिसचे रुग्ण बहुधा बाहेरच ठेवले गेले. ज्यांना गरज जास्त, त्यांनाच दार बंद.

2015 साली नेदरलँड्समधल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सायकोसिस आणि पीटीएसडी दोन्ही असलेले 155 रुग्ण त्यात होते. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे तीन गट पाडले. दोन गटांना दोन वेगवेगळे मानसोपचार दिले, तिसऱ्या गटाला प्रतीक्षा यादीत ठेवलं. आठवड्यातून एकदा, दीड तासाची एक, अशा 8 बैठका. नेहमीच्या गोळ्या आणि उपचार तिन्ही गटांत चालूच होते. शेवटी पहिल्या गटात 100 पैकी सुमारे 57 आणि दुसऱ्या गटात 60 जणांचं पीटीएसडीचं निदान उरलं नाही. प्रतीक्षेतल्या गटात हे प्रमाण सुमारे 28 होतं. ज्याची भीती होती ते घडलं नाही. उपचार घेणाऱ्यांचा आजार इतरांपेक्षा जास्त उसळला नाही. मनातले संशयही कमी झाले.

हे औषध सगळ्यावरचं नाही, हेही खरं. कानातले आवाज मात्र या उपचारांनी फारसे घटले नाहीत. शिवाय 100 पैकी 40 जणांचं पीटीएसडीचं निदान कायमच राहिलं. म्हणून सायकोसिसच्या गोळ्या चालूच ठेवायच्या आणि आघातावरचा उपचार त्यांच्या जोडीला घ्यायचा.

हे उपचार करतात कसे?

पहिल्या पद्धतीचं नाव प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर. सोप्या भाषेत, भीतीला हळूहळू सामोरं जाणं. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ शांत खोलीत रुग्णाला तो प्रसंग आठवून, आत्ता घडतोय असा सांगायला लावतात, पुन्हा पुन्हा. सोबत, ज्या गोष्टी आता धोक्याच्या नाहीत पण टाळल्या जातात, त्या थोड्या थोड्या करायला लावतात. आधी ट्रॅक्टर लांबून बघणं, मग जवळ उभं राहणं. पहिल्या काही वेळा छाती धडधडते. मग मेंदूला उमगतं की ही आठवण आहे, आत्ताचा धोका नव्हे.

दुसऱ्या पद्धतीचं नाव ईएमडीआर. यात सगळं तपशिलाने सांगावं लागत नाही. रुग्णाने प्रसंगातलं सर्वांत वाईट चित्र मनात धरायचं आणि त्याच वेळी तज्ज्ञाची डावी-उजवीकडे फिरणारी बोटं डोळ्यांनी पाहायची. मन एका वेळी दोन कामांत गुंतलं की त्या चित्राची धार कमी होते. हे दिसायला मांत्रिकाच्या हातवाऱ्यासारखं वाटेल, पण यात अंगारा नाही आणि नवस नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली पीटीएसडीसाठी जे मानसोपचार सुचवले, त्यांत ही पद्धत आहे.

या दोन्ही गोष्टी शिकलेल्या माणसानेच करायच्या. घरी ओट्यावर बसवून "सांग, काय झालं होतं" असं खोदून विचारणं म्हणजे उपचार नव्हे.

आपल्याला कुठे मिळेल?

खरं सांगायचं तर या पद्धती शिकलेले तज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. म्हणून हात जोडून बसायचं का? नाही. सुरुवात जवळच्या सरकारी दवाखान्यातून करा आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी मागा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं काम बीडला तिथूनच चालतं. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक दिवसरात्र आणि मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं.

डॉक्टरांपुढे गेल्यावर बोलणं सुचत नाही. म्हणून चार ओळी कागदावर लिहून न्या :
1. कोणता प्रसंग घडला, कधी घडला (तपशील नको, एक वाक्य पुरे).
2. कशाने दचकते, काय टाळते, स्वप्नं पडतात का.
3. आवाज काय बोलतात, ते कोणाचे वाटतात.
4. "हिला पीटीएसडीही आहे का, हे तपासाल का? त्यावर बोलण्याचा उपचार इथे किंवा फोनवरून मिळेल का?"

प्रसंग एकांतात सांगायचा असेल तर बाईने तसं म्हणावं. सासू-नवऱ्यासमोर सगळं बोलायलाच हवं, असं नाही.

हंगामाला जाताना

आजार उलटण्याचं आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे कारखान्यावर गेल्यावर संपलेल्या गोळ्या. निघण्याआधी डॉक्टरांना सांगा, जास्त दिवसांच्या गोळ्या मागा, केसपेपरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. काही रुग्णांना दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन चालतं, त्याबद्दल विचारा. पहाटे तीनला उठून फडात जाण्याने झोप मोडते आणि झोप मोडली की आवाज वाढतात. शक्य असेल तर त्या माणसाला त्या वर्षी घरी ठेवा. काही गोळ्यांमुळे अंगाला ऊन सोसत नाही, म्हणून पाणी जास्त प्यावं. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका.

घरच्यांनी काय करावं?

"विसरून जा" म्हणू नका. विसरता आलं असतं तर ती विसरली असती. आवाज खोटे आहेत म्हणून वाद घालू नका आणि खरे आहेत म्हणून मानही डोलवू नका. "मला ऐकू येत नाही, पण तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय," इतकं म्हणा.

घाबरल्यावर तिला आत्ताच्या जागेवर आणा. पाय जमिनीवर टेकवायला सांगा. दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज मोजून घ्या. हातात गार पाण्याचा तांब्या द्या. हात धरण्याआधी विचारा, कारण अचानक झालेला स्पर्शही जुना प्रसंग जागा करतो.

बांधून ठेवू नका. मानसिक आरोग्य काळजी कायदा 2017 नुसार मानसिक आजारी माणसाला साखळीने बांधायला बंदी आहे. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, चटके देणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

अत्याचार करणारा त्याच घरात किंवा त्याच टोळीत असेल तर आधी तिला तिथून सुरक्षित जागी न्या. रोज नवी जखम होत असेल तर जुनी भरत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीला सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांनी मोफत उपचार द्यावेत, असं कायदा सांगतो. मानसिक आजार आहे म्हणून तिची तक्रार खोटी ठरत नाही. तालुका विधी सेवा समितीकडून महिलांना आणि अनुसूचित जातीच्या लोकांना मोफत वकील मिळतो.

"मर", "त्याला मार" असे हुकूम आवाज देत असतील, ती मरणाची भाषा बोलत असेल किंवा तिने अन्नपाणी सोडलं असेल, तर थांबू नका. 108 ला फोन करून रुग्णालय गाठा. तोवर फवारणीचं औषध कुलपात ठेवा.

विपश्यनेबद्दल एक शब्द

आपल्या घरांतून सल्ला दिला जातो, "दहा दिवसांच्या शिबिराला पाठवा, मन शांत होईल." ध्यानाचा फायदा अनेकांना होतो. पण ज्याला सायकोसिस आहे किंवा आघाताच्या आठवणी अनावर होतात, त्याला दहा दिवसांचं मौन आणि कमी झोप जड जाऊ शकते. शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं. ते लपवू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाठवू नका.

पटाचारेची कथा आपण विहारात ऐकलेली आहे. नवरा, दोन लेकरं, आईबाप एकापाठोपाठ गेले आणि तिचं भान हरपलं. वस्त्राचीही शुद्ध नसलेल्या त्या बाईला लोक वेडी म्हणून हाकलत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिलं. कोणीतरी तिच्या अंगावर वस्त्र टाकलं. मग तिने आपल्यावर काय गुदरलं ते सांगितलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

सुरुवातीला जिची हकिकत सांगितली, त्या बाईच्या गोळ्या चालू आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी तिच्या बैठका सुरू झाल्या आहेत, गाडीभाड्याची सोय महिला मंडळाने केली. ट्रॅक्टर आला की ती अजून दचकते, पण कोपऱ्यात जाऊन बसत नाही. मागच्या आठवड्यात ती मला म्हणाली, "ताई, इतकी वर्षं सगळे मला गोळी खाल्ली का इचारायचे. काय झालं हुतं, हे पहिल्यांदा इचारलं."

तुमच्या वस्तीतही असं कोणी असेल. त्या घरी जा, शेजारी बसा आणि दवाखान्यात सोबत जायची तयारी दाखवा.