चार प्रश्न विचारून बसलेले वकील

प्रश्न : बांधाच्या दाव्यात मी राहात्याच्या कोर्टात साक्षीला उभा राहिलो. समोरच्या वकिलांनी चारच गोष्टी विचारल्या. विहीर बांधापासून किती लांब, वेळ कोणती, तेव्हा लाईट होती का आणि मला चष्मा कधी लागला. मग ‘तुम्ही खोटं सांगताय’ असं एकदा म्हणून ते बसले. कादंबऱ्यांत तर उलटतपासणी पानंच्या पानं चालते. खुनाच्या कादंबऱ्या खरे वकील लिहितात का? इटलीत असं कुणी आहे म्हणतात.
– एक वाचक, राहाता

उत्तर : आहे. त्याचं नाव जानरिको कारोफिल्यो. जन्म १९६१चा, गाव बारी, इटलीच्या दक्षिणेचं समुद्रकाठचं बंदर. काटेकोरपणे बोलायचं तर तो वकील नव्हे, माफियाविरोधी खटले चालवणारा सरकारी अभियोक्ता होता. पण २००२ साली पहिली कादंबरी लिहिली तेव्हा त्यानं नायक केला तो बचावाचा वकील, ग्विदो ग्वेरिएरी. ज्या बाजूशी रोज झुंजायचं, तिच्याच बाकावर जाऊन बसायचं आणि तिथून कोर्ट कसं दिसतं ते लिहायचं, याबद्दल मला या माणसाविषयी फार आदर वाटतो.

त्या कादंबरीत नऊ वर्षांच्या मुलाचा खून होतो. आरोप येतो समुद्रकिनाऱ्यावर फिरून माल विकणाऱ्या एका सेनेगाली माणसावर. एक बारमालक सांगतो, मी त्याला पाहिलं. हा साक्षीदार खोटारडा नाही. त्यानं पाहिलं असं त्याला मनापासून वाटतं आणि सगळी अडचण तिथेच आहे. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. खरेपणानं चुकणाऱ्याचं काय करायचं? ग्वेरिएरी आवाज चढवत नाही. साधे, जवळजवळ कंटाळवाणे प्रश्न विचारत जातो. पुढचं सांगत नाही, तुम्ही वाचा. इंग्रजी भाषांतर मिळतं.

इटलीत ही कादंबरी २००२च्या सुमारासच का आली, यालाही कारण आहे. तिथे वकिलानं साक्षीदाराला भर कोर्टात थेट तपासायची पद्धत रुजली ती १९८९मध्ये नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाल्यावर. त्याआधी चौकशीच्या लेखी कागदांवर भिस्त असायची आणि प्रश्न मुख्यतः न्यायाधीश विचारायचे. कारोफिल्यो ही नवी विद्या शिकत मोठा झाला. कादंबरीआधी त्यानं उलटतपासणीवर वकिलांसाठी पुस्तकच लिहिलं होतं.

इटालियन वळणाची पण अमेरिकेतली लेखिका हवी असेल तर फिलाडेल्फियाची लिसा स्कॉटोलिनी. ती खरोखर वकिली सोडून कादंबरीकडे वळली आणि १९९५मध्ये तिला एडगर पुरस्कार मिळाला. तिची मेरी दिनुन्झियो ही वकील तिथल्या इटालियन वस्तीतली.

आता आपल्याकडे या. आपल्या पुरावा कायद्यात उलटतपासणी १८७२पासून आहे, इटलीच्या शंभराहून अधिक वर्षं आधी. तरीही मराठीतलं गाजलेलं कोर्ट उभं केलं ते अत्र्यांनी ‘तो मी नव्हेच’मध्ये आणि तेंडुलकरांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये. दोघंही वकील नव्हते. दोन्ही नाटकं थोरच, पण त्यांतला जोर रंगमंचाचा आहे.

कोर्ट लिहायला वकिलाच्या कानाची गरज का, हे तुमच्याच साक्षीवरून सांगतो. आपल्या कोर्टात साक्ष सहसा प्रश्नोत्तरांत लिहीत नाहीत, सलग निवेदनासारखी लिहितात. वकील विचारतात, तुम्ही उत्तर देता आणि न्यायाधीश साहेब टायपिस्टला सांगतात, ‘मला दोन वर्षांपासून दूरचा चष्मा आहे.’ प्रश्न तिथल्या तिथे विरून जातो. तो कोणत्या सुरात आला, त्याआधी वकील किती थांबले, विहिरीचं अंतर आधी आणि चष्मा शेवटी का, हे कागदावर उरत नाही. शेवटचं ‘तुम्ही खोटं सांगताय’ तेवढं कागदावर ‘हे म्हणणे खरे नाही की’ अशा ठरलेल्या ओळीत उतरतं, ती रीत आहे. खरं काम आधीच्या चार प्रश्नांत झालं होतं. अंधार, अंतर आणि नजर एकत्र आणून ते बसले. पाचवा विचारला असता तर तुम्ही खुलासा केला असता.

जमल्यास साक्षीची नक्कल काढून पाहा. चारही उत्तरं सापडतील, प्रश्न बहुधा एकही नाही. आठवताहेत तोवर ते वहीत लिहून ठेवा, त्याच क्रमानं.