उष्ण प्रदेशांत गराचे टोमॅटो: बियांपासून बियांपर्यंत

टोमॅटोच्या पिकाची गति वाचकांस ठाऊकच आहे. माल थोडा असतां भाव चढतो. परंतु सर्वांचा माल एकदम निघाला म्हणजे तोडणीची मजुरीही सुटत नाहीं, आणि पाट्याच्या पाट्या रस्त्याच्या कडेस ओतून द्याव्या लागतात. ज्या कुटुंबास बाजारावांचून दुसरा आधार नाहीं तें अशा वेळीं कर्जांत बुडतें. म्हणून ज्यांचें फळ विकलें गेलें नाहीं तरी घरीं वाळवून किंवा आटवून ठेवितां येतें, अशा जातींविषयीं आज आम्ही लिहीत आहों.

या जातींचें फळ लांबट असून त्यांत गर जाड, आणि रस व बिया थोड्या असतात. इटलींतील सान मार्झानो, अमेरिकेंतील रोमा व आपल्या देशांतील पंजाब छुहारा या त्यांपैकीं प्रसिद्ध होत. साधारण टोमॅटोच्या १०० किलोंत सुमारें ९४ किलो पाणीच असतें. गराच्या जातींत पातळ रस कमी, म्हणून आटविण्यास सरपणही कमी लागतें.

१. वेळ. बीं केव्हां पेरावें, असें पुष्कळ जण विचारतात. फूल केव्हां येईल, हें आधीं विचारावें. दिवसा ३५ अंश सेल्सिअसपेक्षां व रात्रीं २२ अंशांपेक्षां अधिक उष्णता राहूं लागली म्हणजे पराग निकामी होतो व फूल गळून पडतें. मग कितीही खत घातलें तरी फळ धरत नाहीं. पेरणीपासून लावणीपर्यंत सुमारें ४ आठवडे, व लावणीपासून फुलापर्यंत आणखी ४ आठवडे लागतात. यावरून देशावर फेब्रुवारीच्या अखेरीस पेरलेलें पीक एप्रिलच्या अखेरीस, ऐन उन्हांत, फुलेल. तेंच सप्टेंबरच्या मध्यास पेरिलें तर नोव्हेंबरांत, थंड रात्रींच्या दिवसांत, फुलेल, आणि जानेवारींत फळ हातीं येईल. कोंकणांत रात्री अधिक उबदार असतात. तेथें ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबावें.

२. रोप. सुमारें १५ सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करून त्यावर ओळींनीं, १ सेंटिमीटर खोल बीं टाकावें, व वर गवत पसरावें. अंकुर दिसतांच गवत काढावें. वाफ्यांत पाणी सांचूं देऊं नये. सांचल्यास रोपें बुडाशीं कुजून कोलमडतात. पांढरी माशी पानें आकसण्याचा रोग आणिते, आणि तो एकदां जडला म्हणजे त्यास औषध नाहीं. यास्तव पहिल्या दिवसापासून कामट्यांच्या कमानी करून त्यांवर बारीक विणीचें कापड घालावें.

३. लावणी. रोपांस ४-५ पानें आलीं म्हणजे सायंकाळीं ६० सेंटिमीटरांच्या ओळींत ४५ सेंटिमीटरांवर लावावीं, व बुडाशीं पालापाचोळा पसरावा. जमीन एकदां कोरडी ठणठणीत व एकदां चिखल, असें होऊं देऊं नये. पाणी अनियमित झालें तर जमिनींतील चुन्याचा अंश फळाच्या टोंकापर्यंत पोंहचत नाहीं, आणि फळाचें बूड काळें पडतें. लांबट जातींस हें विशेष बाधतें. ही कीड नव्हे. म्हणून यावर किडीच्या औषधाला पैसे घालवूं नयेत.

४. साठवण. पक्कीं फळें उभीं चिरून, मीठ लावून, जाळीदार कापडाखालीं उन्हांत कडकडीत वाळवावीं, व कोरड्या बरणींत घट्ट झांकून ठेवावीं. आटवावयाचें असल्यास कल्हई नसलेलें पितळेचें किंवा तांब्याचें भांडें घेऊं नये; आंबटपणानें तें कळकतें.

५. बीं. संकरित जातीचें बीं राखल्यास पुढील पीक एकसारखें येत नाहीं. सरळ जातीचें मात्र राखितां येतें. एखादें मोठें फळ पाहून भुलूं नये. सबंध झाड निरोगी असेल त्याचींच फळें निवडावीं. त्यांचा गर बियांसह मडक्यांत एक-दोन दिवस आंबवावा, म्हणजे बियांवरील बुळबुळीत आवरण सुटतें. मग धुवून, सावलींत ताटलीवर वाळवून, जातीचें नांव व वर्ष लिहून ठेवावें. कोरडें राहिलें तर तें तीन-चार वर्षें उगवतें.

ज्यांस वाचतां येतें त्यांनीं हा पाठ शेजाऱ्यांस वाचून दाखवावा, व पुढील प्रश्न विचारावे:

(१) फेब्रुवारीच्या अखेरीस पेरलेल्या पिकाचीं फुलें कां गळतात?
(२) फळाचें बूड काळें पडल्यास प्रथम काय पाहावें?
(३) बियांसाठीं फळ निवडावें कीं झाड?

ज्या घरीं वाळलेल्या फोडींची बरणी व पुढील सालाचें बीं आहे, त्यास भाव पडला तरी सर्वस्व गमवावें लागत नाहीं. यंदा निदान एक वाफा तरी या कामीं राखून ठेवावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.